अक्कलदाढेचा हिशेब: काढायची की राहू द्यायची?

“अक्कलदाढ काढायचे किती घेता?” बीडमधल्या दातांच्या दवाखान्यांत रोज कुणी ना कुणी फोन करून हेच विचारतं. फोनवर मिळालेला आकडा अंदाजपंचे असतो. डॉक्टरने दाढ बघितलेली नसते आणि विचारणाऱ्यानेही एक प्रश्न गाळलेला असतो: जबडा दुखतोय, तो दाढेमुळेच कशावरून?

दाढ खरंच आजारी असेल तर ती काढायला घातलेले चार-पाच हजार वाया जात नाहीत. दुखणं दुसरीकडचं असेल तर मात्र पैसे जातात, दाढ जाते आणि दुखणं तिथंच राहतं. ‘काढून टाका, सुटाल’ या सल्ल्याची किंमत या जिल्ह्याने एकदा मोजलेली आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने बीडमधल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. दाढेची आणि गर्भाशयाची बरोबरी होऊ शकत नाही, हे उघड आहे. पण दुखण्याचं कारण न शोधता अवयव काढायला निघणं दोन्हीकडे सारखंच महागात पडतं. म्हणून या लेखात भाव नंतर, निदान आधी.

दुखतंय नेमकं कुठं?

अक्कलदाढा साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षी येतात. तोवर जबड्यातली जागा बाकीच्या दातांनी अडवलेली असते. जागा मिळाली तर दाढ सरळ वर येते. नाही मिळाली तर तिरकी होते, आडवी होते किंवा हाडातच राहते. हाडात पूर्ण गाडलेली दाढ अनेकांना जन्मभर त्रास देत नाही. खोड्या करते ती अर्धी वर आलेली. तिच्यावर हिरडीचा एक पडदा राहतो आणि पडद्याखाली खाच. भाकरीचा कण, शेंगदाण्याचा कूट, मेथीचं पान त्या खाचेत जाऊन बसतं आणि ब्रशचा केस तिथवर पोहोचत नाही. चार दिवसांत पडदा फुगतो आणि वरची दाढ प्रत्येक घासाला त्याच्यावरच चावते. मग ठणका सुरू होतो, तोंडाला घाण चव येते, गिळताना कळ जाते, जबड्याखाली गाठ लागते आणि तोंड अर्धंच उघडतं. हे दुखणं एका बाजूचं असतं आणि बोट लावलं की जागा अचूक सापडते. असं असेल तर संशय दाढेवर घ्यायला हरकत नाही.

दुसऱ्या प्रकारचं दुखणं जबड्याच्या सांध्याचं आणि चावण्याच्या स्नायूंचं. कानाच्या अगदी पुढे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून तोंड उघडा-मिटा. कट्कन आवाज येतो, बोटाखाली दुखतं, सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, कानशिलं जड वाटतात, घरचे म्हणतात की झोपेत दात खातोस. ही लक्षणं असतील तर एक्स-रेत दिसणारी आडवी दाढ बहुधा निर्दोष असते. दुखण्याच्या निमित्ताने फक्त तिचा फोटो निघालेला असतो. अशा माणसाची दाढ काढली तर सांध्याला आराम पडत नाही. उलट अर्धा-पाऊण तास तोंड ताणून उघडं ठेवल्याने सांधा आणखी चिडू शकतो. या दुखण्यावरचे पहिले उपाय स्वस्त आहेत: महिनाभर मऊ जेवण, शेक, जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार, सुपारी-चिंगम बंद, डॉक्टरांनी दाखवलेले जबड्याचे व्यायाम. गरज पडली तर रात्री दातांवर घालायचा नाईट गार्ड. त्याला दीड ते चार हजार पडतात, पण दाढ तोंडात राहते.

तिसरं कारण आपल्याकडे इतकं सर्रास आहे की त्याला वेगळी जागा द्यायला हवी. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. गुटख्याच्या पुड्या मात्र कुठल्याही नाक्यावर पायाखाली येतात. गुटखा, मावा, सुपारी खाणाऱ्याचे गाल आतून पांढरट आणि टणक होत जातात, तिखट लागलं की तोंडाची आग होते आणि तोंड उघडणं हळूहळू कमी होतं. आपलीच तीन बोटं, एकावर एक अशी, पुढच्या दातांमध्ये उभी घालून बघा. जातात, तर ठीक. दोनच जात असतील, ठणका-सूज काही नसेल आणि हे महिन्या-महिन्याने वाढत आलं असेल, तर ती अक्कलदाढ नव्हे. तो सुपारीचा आजार आहे आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. अशा तोंडात दाढ काढणंही अवघड, कारण हत्यार आत जायलाच जागा नसते. आधी पुडी बंद आणि तपासणी. तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा असेल तर दाढेचा विषय बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दाखवा.

बायकांच्या मिश्रीबद्दलही इथंच सांगून टाकतो. मिश्री घासली की ठणका थांबतो हे खरं, कारण भाजलेल्या तंबाखूने हिरडी बधिर होते. दुखणं आतल्या आत वाढत राहतं आणि मिश्रीचं व्यसन लागतं ते वेगळंच.

कधी दुखणारी दाढ अक्कलदाढेच्या शेजारची निघते: किडलेली, नस सुजलेली. तिथं रूट कॅनाल लागतो. म्हणून शेवटच्या दोन्ही दाढा तपासल्याशिवाय निर्णय नको.

काढायची कधी

ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने मार्च २००० मध्ये अक्कलदाढेबद्दल मार्गदर्शन दिलं. आजार नसलेली अडकलेली दाढ केवळ ‘पुढं त्रास देईल’ म्हणून काढू नये, असं त्यात म्हटलं आहे. हिरडी पहिल्यांदा सुजली, तर फारच जोराचा त्रास असल्याशिवाय तेवढ्यावरून काढू नये. दुसऱ्यांदा तसंच झालं तर काढणं योग्य. भरता न येण्याइतकी कीड, पू, गाठ किंवा सिस्ट, दाढ मोडणं, शेजारच्या दाढेचं मूळ झिजणं ही कारणं पहिल्या दिवसापासून पक्की. पुढं या मार्गदर्शनावर टीकाही झाली आणि ती रास्त वाटते. शेजारच्या दाढेवर रेलून बसलेली तिरकी अक्कलदाढ दुखत नसली, तरी त्या दोघींच्या फटीत कीड लागते आणि बळी जातो चांगल्या दाढेचा. दाढ तिरकी आहे, पण अजून त्रास नाही, अशा वेळी वर्षा-दोन वर्षांनी एक्स-रे काढून बघत राहणं हा मधला मार्ग.

पहिल्या सुजेला करायचं काय? पडद्याखालची खाच डॉक्टरकडून धुऊन घ्यायची, घरी कोमट मिठाच्या गुळण्या आणि सांगितलेल्या गोळ्या. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणून दोन खाण्याचा जो रिवाज आहे, त्याने खाचेतला कचरा निघत नाही. वरची अक्कलदाढ खालच्या पडद्यावर चावत असेल तर आणखी एक गोष्ट विचारा: वरचीच काढली तर भागेल का? वरची दाढ सहसा सोपी आणि स्वस्त असते, आणि कैकदा तेवढ्यावर काम होतं. (वरची दाढ काढली की नजर जाते, ही समजूत मात्र निखालस खोटी. डोळ्याच्या नसेचा आणि दाढेचा काही संबंध नाही.)

आता बीडपुरता एक अपवाद. ‘थांबा आणि बघा’ हा सल्ला ज्याच्या घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर आहे, त्याच्यासाठी ठीक. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयता घेऊन निघणारं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारं जोडपं पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडात असतं. तिथं कोपीवर रात्री दाढ ठणकायला लागली तर डॉक्टर कुठला शोधणार? एकाने काम थांबवलं की मुकादम खाडा लावतो, म्हणजे मजुरी गेलीच आणि वर उचलीत (आगाऊ घेतलेल्या पैशांत) दंडाची भर. अशा घरातल्या कुणाची अर्धी वर आलेली दाढ पावसाळ्यात एकदा जोरात सुजून गेली असेल, तर दुसऱ्या सुजेची वाट बघण्यात शहाणपण नाही, असं माझं मत आहे. श्रावणात तपासून घ्यावी आणि काढायची ठरली तर भाद्रपदातच उरकावी. जखम वरवर भरायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि पहिला आठवडाभर मोळ्या उचलण्यासारखं जड काम चालत नाही. टोळी निघायच्या आदल्या दिवशी दाढ काढून ट्रॅक्टरवर बसणं सगळ्यात वाईट.

तीच गोष्ट पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची आणि नीटच्या परीक्षेची. त्याआधीच्या पंधरा दिवसांत ठरवून दाढ काढू नये.

पैसे कुठं जातात

पुढचे आकडे मराठवाड्यातल्या लहान शहरांच्या खासगी दवाखान्यांचा सर्वसाधारण अंदाज म्हणून घ्या. दवाखान्यागणिक फरक पडतो.

तपासणीचे शंभर ते तीनशे. एका दाढेचा छोटा एक्स-रे शंभर ते तीनशे. पण खालच्या अडकलेल्या दाढेसाठी तो बहुधा पुरत नाही. अख्ख्या जबड्याचा ओपीजी लागतो, त्याचे चारशे ते आठशे. हे पैसे वाचवू नका. ओपीजी न बघता खालची आडवी दाढ काढायला कुणी तयार असेल तर खुर्चीवरून उठा.

फिल्म हातात आली की ती उजेडासमोर धरून डॉक्टरांना समजावून सांगायला लावा. तुमची डावी बाजू फिल्मवर उजवीकडे दिसते. खालच्या जबड्यात दोन बारीक पांढऱ्या रेषांमधून एक काळसर नळी गेलेली दिसेल. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस तिच्यातून जाते. दाढेची मुळं या नळीपासून लांब असतील तर चिंता कमी. मुळं नळीवर चढलेली दिसत असतील, तिथं पांढरी रेष तुटली असेल किंवा मूळ काळवंडलेलं दिसत असेल, तर नसेला धक्का लागण्याचा धोका वाढतो. मग सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन सांगतात. त्याला साधारण दीड ते तीन हजार पडतात. सरसकट प्रत्येकाला सीबीसीटी लागत नाही. सांगितला तर ‘फिल्मवर काय दिसलं म्हणून?’ हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. नस फारच जवळ असेल तर दाढेचा फक्त वरचा भाग कापून मुळं आत ठेवण्याचीही एक पद्धत आहे. तीही विचारून बघा.

काढण्याची फी दाढ कशी बसली आहे त्यावर ठरते. सरळ वर आलेली दाढ आठशे ते दोन हजारांत निघते. हिरडी चिरून, हाड कोरून, दाढेचे तुकडे करून काढायची तर तीन ते आठ हजार. खोल गाडलेली, नसेजवळची, मोठ्या शहरातल्या सर्जनकडे दहा हजारांच्या पुढे जाते. औषधांचे तीनशे ते सहाशे. टाके काढण्याची फी काही ठिकाणी धरलेली असते, काही ठिकाणी नसते. ते आधी विचारा.

एकाच बैठकीत चारही दाढा काढण्याच्या ‘पॅकेज’कडे मी तरी संशयानेच बघतो. चारही आजारी असणं दुर्मीळ आणि दोन्ही बाजू दुखत असताना घास चावायचा कुठं? एका बाजूचं आधी उरकावं. संपूर्ण भूल द्यायची तर रुग्णालयाचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. बहुतेक कामं हिरडीत इंजेक्शन देऊन होण्यासारखी असतात, असा डॉक्टरांचाही सूर असतो.

बिलात न येणारा खर्च बहुधा जास्त असतो. दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. सोबत येणाऱ्याचीही बुडते. एसटीचं तिकीट किमान दोनदा, कारण टाके काढायला परत यावं लागतं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढा दिलासा.

पैसे देण्याआधी एक चौकशी सगळ्यांत महत्त्वाची: दाढ काढणार कोण? साधी दाढ बीडीएस डॉक्टर रोज काढतात. हाडातली दाढ काढायला मुख-शल्यचिकित्सा विषयातला एमडीएस सर्जन बरा. तालुक्याच्या गावी असे सर्जन ठरलेल्या दिवशी बाहेरून येतात. त्यात वावगं काही नाही. फक्त तिसऱ्या दिवशी ठणका उठला तर बघणार कोण, याचं उत्तर नावानिशी घेऊन ठेवा.

सरकारी वाट

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, केसपेपरही. बीडचं जिल्हा रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालयं यात येतात. तिथले दंतशल्यचिकित्सक तपासून सांगतात की काम तिथं होईल की पुढं पाठवावं लागेल. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने त्या मोफत निर्णयात बसत नाही. तिथं सरकारी दराने, म्हणजे खासगीच्या मानाने किरकोळ शुल्क लागतं.

अवघड दाढेसाठी छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे. बीडहून सव्वाशे-दीडशे किलोमीटर पडतं, पण ओपीजीपासून सर्जनपर्यंत सगळं एका छताखाली. अंबाजोगाई, परळी, केज या भागाला लातूर जवळ. तिथल्या खासगी दंत महाविद्यालयातही दर खासगी दवाखान्यापेक्षा बरेच कमी असतात. महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर काम करतात आणि प्राध्यापक डोक्यावर उभे असतात. वेळ जास्त जातो, रांग असते, एका फेरीत काम होईलच असं नाही. सकाळी ओपीडी उघडताना पोहोचायचं आणि भाकरी बांधून न्यायची. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं काम बसतं का, हे संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, काम झाल्यावर नव्हे. खासगी आरोग्य विम्यात दाखल न होता केलेले दातांचे उपचार बहुधा वगळलेले असतात.

कागद

संमतीपत्रावर सही करण्याआधी ते मराठीत वाचून घ्या. खालची दाढ काढल्यावर ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहू शकते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत-महिन्यांत पूर्ववत होते. शंभरात एकापेक्षाही कमी जणांची बधिरता कायमची राहते. हे तोंडी सांगितलेलं नसेल तर विचारा. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करायच्या गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणाची औषधं, गरोदरपण यातलं काही असेल तर लपवू नका. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

पावती घ्याच. त्यावर दाढ कोणती, काय केलं आणि कुणी केलं हे असावं. ओपीजीची फिल्म तुमच्या पैशांची आहे, ती घरी न्या. उपचाराच्या अशा बिलावर जीएसटी लागत नाही. कुणी लावला तर हटका. रोगनिदान आणि खासगी उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं आहे. हलगर्जी झाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पावती नसेल तर मात्र ही सगळी दारं जवळजवळ बंद.

काढल्यावर

कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, सारखं थुंकायचं नाही, चोवीस तास गुळण्या नाहीत, गरम चहा नाही. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची जी गाठ बसते, तिच्यावरच जखम भरते. स्ट्रॉने ओढून पिणं, विडी, तंबाखू, मिश्री यांनी ती गाठ निघून जाते आणि दुसऱ्या-चौथ्या दिवसाच्या दरम्यान कानापर्यंत कळ मारायला लागते. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. दवाखान्यात खड्डा धुऊन औषध भरलं की आराम पडतो, पण फेऱ्या वाढतात. दोन दिवस गार आंबील, दही-भात, दुधात कुस्करलेली भाकरी, पातळ वरण. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मिठाच्या हलक्या गुळण्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते आणि मग उतरते. त्याने घाबरून जाऊ नये.

सूज तिसऱ्या दिवसानंतर वाढतच गेली, जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, ताप आला, थुंकी गिळता येईना, आवाज घोगरा झाला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला तर गोष्ट वेगळी. दाढ काढलेली असो वा तोंडात असो, हा संसर्ग मानेत उतरून श्वास कोंडू शकतो. गालावर लेप लावत सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि रात्रीच बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाई, जे जवळ असेल ते गाठा.